बोटावरचा आकडा ९८, तरी आई पेंगते कशी?

प्रश्न : माझ्या आईचं वय ७२. तिला सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार आहे. गेल्या महिन्यात हॉस्पिटलमधून सोडताना डॉक्टरांनी घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं मशीन, लावायला सांगितला. मिनिटाला २ लिटर, दिवसाचे किमान १५ तास, आणि सॅच्युरेशन (बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरचा आकडा) ८८ ते ९२ मध्ये ठेवा, असं कागदावर लिहून दिलं. माझं स्वतःचं ९८ येतं, मग आईचं ९० का चालवून घ्यायचं, हे मला पटलं नाही. तिला दम लागला की मी मशीनवरच्या फ्लोमीटरची, म्हणजे मिनिटाचे लिटर दाखवणाऱ्या नळीतली, गोळी ५ वर नेते. आकडा ९७-९८ होतो आणि माझा जीव भांड्यात पडतो. पण चार-पाच दिवस झाले, सकाळी उठल्यावर डोकं जड आहे म्हणते, दिवसा बसल्या बसल्या पेंगते, परवा हातातला कप निसटला. ऑक्सिजन तर भरपूर मिळतोय, मग हे काय? सोडण्याआधी ऑक्सिजन न लावता काढलेल्या ब्लड गॅसचे (रक्तातल्या वायूंच्या तपासणीचे) आकडे असे : पीएच ७.३५, कार्बन डायऑक्साइड ५४, ऑक्सिजन ५२, बायकार्बोनेट २९, सॅच्युरेशन ८६. यातलं मला काही कळत नाही. वीज गेली तर हाताशी असावा म्हणून १० लिटरचा सिलिंडर आणून ठेवलाय, तो किती वेळ पुरेल? आणि दोन महिन्यांनी विमानाने भावाकडे जायचं आहे. आईला नेता येईल का?

उत्तर : बाकीचं वाचण्याआधी आईपाशी जा आणि तिला बोलतं करा. हाका मारून नीट जाग येत नसेल, बोलणं असंबद्ध असेल, किंवा दोन्ही हात समोर धरून पंजे वर उचलायला सांगितल्यावर ते फडफडल्यासारखे खाली पडत असतील, तर थांबू नका, रुग्णवाहिका बोलवा. येणाऱ्यांना पहिल्याच वाक्यात सांगा : ‘सीओपीडी आहे, कार्बन डायऑक्साइड साठल्याची शंका आहे, सॅच्युरेशन ८८ ते ९२ ठेवायचं आहे.’ ती नीट जागी असेल आणि उत्तरं बरोबर देत असेल, तर डॉक्टरांना आत्ता फोन करा, आणि ऑक्सिजन एकेक लिटरने खाली आणत लिहून दिलेल्या २ लिटरवर या. दर टप्प्यावर काही मिनिटं थांबून आकडा बघा. मशीन एकदम बंद मात्र करू नका; ते का, ते पुढे सांगतो. आजच्या आज ब्लड गॅस पुन्हा काढायला हवा. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही गोष्टी, म्हणजे सकाळची डोकेदुखी, दिवसाची पेंग आणि हातातून वस्तू सुटणं, कार्बन डायऑक्साइड वाढल्याकडे बोट दाखवतात, आणि तो वायू तुमच्या ऑक्सिमीटरला दिसतच नाही.

ऑक्सिमीटर बोटातून दोन प्रकारचा प्रकाश पाठवतो, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. त्यांच्या शोषणावरून रक्तातल्या हिमोग्लोबिनचा किती टक्के भाग ऑक्सिजनने भरलेला आहे, तेवढं तो सांगतो. श्वास पुरेसा चालतो आहे का, वायू बाहेर पडतो आहे का, हे त्याला माहीत नसतं. बाहेरून ऑक्सिजन जास्त सोडला की आकडा चढतो, आणि त्याच वेळी श्वास मंदावत असला तरी चढतो. म्हणून ऑक्सिजन चालू असलेल्या माणसाचं ९८ आणि साध्या हवेत बसलेल्या तुमचं ९८ एकमेकांशी ताडून बघायचं नसतं.

आता तो कागद हातात घ्या. त्यातले ५४ आणि ५२ हे दाब आहेत, मिलिमीटर पाऱ्यात मोजलेले. समुद्रसपाटीला हवेचा एकूण दाब ७६०. त्यात ऑक्सिजन २१ टक्के, म्हणजे त्याच्या वाट्याचा दाब सुमारे १६०. हवा नाकातून आत जाता जाता शरीराच्या तापमानाला येते आणि पूर्ण ओली होते. त्या वाफेचा स्वतःचा दाब ४७ असतो आणि तो एकूण दाबातूनच जातो. उरले ७१३, त्याचे २१ टक्के म्हणजे १५०. एवढा ऑक्सिजन वायुकोशांच्या, म्हणजे फुप्फुसातल्या ज्या बारीक पिशव्यांत रक्ताशी वायूंची देवाणघेवाण होते त्यांच्या, दारापर्यंत पोचतो. वायुकोशात मात्र रक्तातून आलेला कार्बन डायऑक्साइड आधीच बसलेला असतो. शरीर स्वस्थ बसलेलं असताना मिनिटाला साधारण २५० मिलिलिटर ऑक्सिजन वापरतं आणि २०० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं, म्हणजे प्रमाण ०.८. त्यामुळे हिशोब असा : १५० मधून कार्बन डायऑक्साइडचा दाब भागिले ०.८ वजा करायचा. निरोगी माणसात ४० भागिले ०.८ म्हणजे ५०. वायुकोशात ऑक्सिजनचा दाब उरतो १००.

आईचं गणित करू. ५४ भागिले ०.८ म्हणजे ६७.५. दीडशेतून ते गेले की वायुकोशात ८२.५ उरतात. रक्तात सापडले ५२. फरक तीसच्या आसपास. हा फरक निरोगी माणसातही थोडा असतोच आणि वयाबरोबर वाढतो. ढोबळ नियम म्हणजे वयाचा चौथा भाग अधिक ४, ७२ व्या वर्षी २२. आईचा त्याहून जास्त आहे. म्हणजे तिच्या कमी ऑक्सिजनला दोन कारणं आहेत. पहिलं, कार्बन डायऑक्साइड पुरेसा बाहेर पडत नाही आणि वायुकोशातली ऑक्सिजनची जागा खातो. दुसरं, फुप्फुसाच्या काही भागांत रक्त पोचतं पण हवा नीट पोचत नाही. ऑक्सिजन वाढवला की दोन्हींमुळे आलेली तूट आकड्यावर भरून निघते. पहिलं कारण मात्र जागेवर राहतं, उलट बळावू शकतं.

कागदावरचे पीएच आणि बायकार्बोनेट एकत्र वाचायचे. पीएच हे रक्ताच्या आम्लतेचं माप, ते जितकं खाली तितकी आम्लता जास्त; बायकार्बोनेट ती आम्लता सावरतं. कार्बन डायऑक्साइड पाण्यात आम्ल बनवतो. तो दीर्घकाळ वाढलेला राहिला की मूत्रपिंडं बायकार्बोनेट राखून ठेवतात आणि आम्लता सावरतात. याला काही दिवस लागतात. साधारण २४ असायचं ते आईचं २९ आहे, म्हणजे ही साठवण त्या आजारपणात एका रात्रीत झालेली नाही, जुनी आहे. निरोगी माणसात बायकार्बोनेट आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड यांचं प्रमाण २० ला १ असतं. आईचं १८ ला १ च्या आसपास, म्हणून पीएच ७.३५, अगदी काठावर. आज नवा गॅस आला की आधी पीएच बघा. तो ७.३५ च्या खाली आणि कार्बन डायऑक्साइड आणखी वर असेल, तर मूत्रपिंडांना सावरायला वेळ मिळालेला नाही, आणि डॉक्टर बायपॅपचा, म्हणजे दाबाने हवा आत ढकलणाऱ्या यंत्राचा, विचार करतील.

तुम्ही ५ लिटर दिल्यावर नेमकं काय झालं असावं? याचं एक लोकप्रिय उत्तर आहे : ‘अशा रुग्णांचा श्वास ऑक्सिजनच्या कमतरतेवरच चालतो, ऑक्सिजन दिला की मेंदू श्वास घ्यायचं थांबवतो.’ हे अर्धंच खरं आहे. श्वासाची प्रेरणा थोडी कमी होते हे ठीक, पण मोठा वाटा दुसऱ्या गोष्टीचा. फुप्फुसाच्या ज्या भागात हवा कमी पोचते तिथे ऑक्सिजनचा दाब पडतो, आणि तिथल्या रक्तवाहिन्या आपोआप आक्रसतात. रक्त अशा निकामी भागाकडे न जाता चांगल्या भागाकडे वळतं. ही शरीराची फार शहाणी व्यवस्था आहे. बाहेरून भरपूर ऑक्सिजन सोडला की त्या वाईट भागातही दाब चढतो, आक्रसलेल्या वाहिन्या उघडतात आणि रक्त पुन्हा तिकडे वाहू लागतं. तिथे हवेची ये-जा तर तशीच कमी. ऑक्सिजन त्या रक्ताला मिळतो, पण कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही. भरीला हिमोग्लोबिन ऑक्सिजनने जितकं भरतं तितका कार्बन डायऑक्साइड ते सोडून देतं, आणि रक्तातला दाब आणखी वाढतो. निरोगी माणूस चार श्वास खोल घेऊन हा सगळा जास्तीचा वायू काढून टाकेल. आईच्या छातीत तेवढं बळ शिल्लक नाही.

कार्बन डायऑक्साइड मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतो, त्यातून डोकं दुखतं. झोपेत सगळ्यांचाच श्वास उथळ होतो, म्हणून हा त्रास सकाळी जास्त जाणवतो. आणखी वाढला की गुंगी येते.

एवढी किंमत मोजून मिळवलं काय, तेही बघू. एक ग्रॅम हिमोग्लोबिन पूर्ण भरलं तर १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन धरतं. हिमोग्लोबिन १४ धरलं तर ९० टक्क्यांना १०० मिलिलिटर रक्तात १६.९ मिलिलिटर ऑक्सिजन असतो, ९८ टक्क्यांना १८.४. वाढ दीड मिलिलिटर, नऊ टक्क्यांच्या आसपास. रक्तात नुसता विरघळलेला ऑक्सिजन इतका किरकोळ असतो, दाब १०० असतानाही ०.३ मिलिलिटर, की तो हिशोबात सोडून दिला तरी चालतं. म्हणजे खरा प्रश्न आकडा ९० आहे की ९८ याच्याइतकाच हिमोग्लोबिन किती आहे हाही आहे. ते ९ असेल तर ९८ टक्के सॅच्युरेशन असूनही रक्तात ऑक्सिजन ११.८ मिलिलिटरच. शेवटची रक्ततपासणी काढून तो आकडा एकदा बघून घ्या.

मग ८८ ही खालची मर्यादा कुठून आली? दाब आणि सॅच्युरेशन यांचं नातं सरळ रेषेचं नाही. दाब १०० ला सॅच्युरेशन ९७-९८, आणि दाब ६० पर्यंत उतरला तरी ते ९० राहतं. चाळीस एककं गेली, टक्के गेले फक्त सात-आठ. तिथून खाली मात्र उतार तीव्र होतो : ५० ला ८४ च्या आसपास, ४० ला ७५, २७ ला जेमतेम ५०. म्हणून ९७ वरून ९२ झालं तर घाबरायचं कारण नसतं, आणि ८८ वरून ८४ झालं तर असतं. ८८ ते ९२ हा पट्टा या कड्याच्या अलीकडे, सपाटीच्या टोकावर आहे. पेशींना पुरेसा ऑक्सिजन मिळतो आणि फुप्फुसातल्या त्या आक्रसलेल्या वाहिन्याही फार उघडत नाहीत. हे नुसतं कागदावरचं गणित नाही. टास्मानियात रुग्णवाहिकांमधून नेल्या जाणाऱ्या सीओपीडीच्या रुग्णांवर झालेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला; सरसकट जोरात ऑक्सिजन दिलेल्या गटापेक्षा ८८ ते ९२ धरून मोजून दिलेल्या गटात मृत्यू निम्म्याहूनही कमी होते.

मशीन एकदम बंद करू नका म्हटलं, त्याचं कारण वरच्याच गणितात आहे. शरीरात ऑक्सिजनचा साठा जेमतेम दीड लिटरचा, काही मिनिटांत संपणारा. कार्बन डायऑक्साइडचा साठा त्याच्या कित्येक पट, रक्तात, पेशींत आणि हाडांतसुद्धा, आणि तो हळूहळूच उतरतो. समजा आत्ता आईचा कार्बन डायऑक्साइड ८० वर गेला आहे आणि तुम्ही घाबरून नळी काढली. ८० भागिले ०.८ म्हणजे १००; १५० मधून १०० गेले, वायुकोशात उरले ५०, त्यातून तीसचा फरक वजा केला की रक्तात वीस. सुरुवातीला ऑक्सिजनशिवाय होता त्याहून कितीतरी खाली, आणि हे मिनिटांत घडतं. त्यामुळे कमी करायचा तो पायरीपायरीने, ८८ च्या खाली जाऊ न देता. २ लिटरवर ८८ राहत नसेल तर जिथे राहतं तिथे थांबा आणि डॉक्टरांना तो आकडा सांगा.

दम लागणं आणि ऑक्सिजन कमी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पत्रातला खरा घोटाळा इथे आहे असं आम्हाला वाटतं. आकडा ९० असताना आईला लागलेला दम बहुतेक वेळा छातीत अडकलेल्या हवेचा असतो. निरोगी माणसाच्या फुप्फुसात साधा श्वास सोडल्यावर सुमारे २.४ लिटर हवा उरते. सीओपीडीत बारीक श्वासनलिका श्वास सोडताना मिटतात, हवा आत कोंडते आणि हा उरलेला साठा वाढत जातो. छाती आधीच फुगलेली, श्वासपटल आधीच सपाट झालेलं. मग पुढचा श्वास घ्यायला जागाच कुठे? साध्या श्वासात श्वासपटल खाली ओढलं जातं, छातीची जागा वाढते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा फक्त एक सेंटिमीटर पाण्याइतका कमी होतो आणि तेवढ्या फरकावर अर्धा लिटर हवा आत येते. नाकातली ऑक्सिजनची नळी या दाबात काहीच भर घालत नाही. ती फक्त आत जाणाऱ्या हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण वाढवते. श्वासाला रेटा देणारं यंत्र वेगळं, बायपॅप, ते १५-२० सेंटिमीटर पाण्याइतका दाब देऊन हवा आत ढकलतं, म्हणूनच त्याने कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि नळीने उतरत नाही.

घाईघाईच्या श्वासाने काय बिघडतं, ते आकड्यांत स्पष्ट दिसतं. प्रत्येक श्वासातली शेवटची काही हवा नाक, घसा आणि श्वासनलिकांतच राहते, रक्तापर्यंत पोचत नाही; लांब नळीतलं आधीचं पाणी वाहून गेल्याशिवाय टाकीतलं पाणी तोटीला येत नाही, तसंच. निरोगी माणसात ही वाया जाणारी हवा १५० मिलिलिटर. तो ५०० मिलिलिटरचे १२ श्वास घेतो तेव्हा एकूण ६ लिटर हवा हलते आणि ४.२ लिटर कामी येते. तेच ६ लिटर २५० मिलिलिटरच्या २४ श्वासांत घेतले तर कामी येतात फक्त २.४ लिटर. सीओपीडीत वाया जाणारी हवा आणखी जास्त. समजा ती २५० मिलिलिटर आहे. ४०० मिलिलिटरचे २० श्वास म्हणजे ८ लिटरची मेहनत आणि कामाचे ३ लिटर. ५५० चे १४ श्वास म्हणजे ७.७ लिटर आणि कामाचे ४.२. मेहनत कमी, फळ जास्त. आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड या कामाच्या हवेच्या व्यस्त प्रमाणात चालतो : ती निम्मी झाली की तो दुप्पट.

म्हणून दम लागला की गोळीला हात न लावता आधी हे करा. आईला खुर्चीवर बसवून पुढे झुकू द्या, कोपरं मांडीवर किंवा समोरच्या टेबलावर टेकवा, खांदे सैल. नाकाने मनात दोन मोजेपर्यंत श्वास आत, मग शीळ घालतो तसा ओठांचा चंबू करून चार मोजेपर्यंत बाहेर. जोर लावून फुंकायचं नाही. जोराने उलट नलिका मिटतात. ओठांच्या अडथळ्यामुळे आतल्या नलिकांत थोडा दाब टिकतो, त्या उघड्या राहतात आणि कोंडलेली हवा निघते. डॉक्टरांनी तातडीसाठी दिलेला इनहेलर असेल तर तो लिहून दिल्याप्रमाणे. छोटा पंखा चेहऱ्यावर, नाक आणि ओठांच्या भागावर धरला तर दम लागल्याची भावना खरोखर कमी होते, ऑक्सिजनचा आकडा न बदलताही. दहा-पंधरा मिनिटांत उतार पडला नाही, कफाचा रंग बदलला किंवा ताप असला, तर ते नव्या आजारपणाचं लक्षण समजा आणि डॉक्टरांना कळवा.

‘२ लिटर’ याचा अर्थ २ लिटर ऑक्सिजन फुप्फुसात जातो असा नाही. श्वास आत घेताना हवेचा वेग मिनिटाला ३० लिटरच्या घरात असतो; त्यात मशीनचे २ मिसळतात, बाकी खोलीतली हवा. एकूण मिश्रणात ऑक्सिजन २५ ते २८ टक्क्यांच्या दरम्यान भरतो. थोडकं वाटतं, पण २८ टक्के म्हणजे ७१३ च्या हिशोबाने २००, साध्या हवेच्या १५० ऐवजी. आईच्या वायुकोशात ८२ चे १३२ होतात. एवढ्याने काम भागतं, म्हणून डॉक्टरांनी दोनच लिहिले. धापा टाकत असताना हवा जास्त वेगाने ओढली जाते आणि हे मिश्रण पातळ होतं, त्यामुळे तेव्हा आकडा एक-दोन टक्के खाली दिसणं साहजिक आहे.

मशीनकडेही लक्ष असू द्या. आत जिओलाइट नावाच्या दाण्यांनी भरलेल्या दोन नळ्या असतात. दाबाखाली हवा सोडली की हे दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जातो. दाब सोडला की नायट्रोजन बाहेर फेकला जातो. दोन नळ्या आळीपाळीने हे करतात, तोच फुसफुस आवाज. बाहेर येणारा वायू ९० ते ९६ टक्के शुद्ध असतो. जाळी धुळीने तुंबली की पुरेसा दाब तयार होत नाही आणि शुद्धता घसरते, गोळी मात्र दोनवरच दिसते. जाळी आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवून बसवा आणि मशीन भिंतीपासून अर्धा हात पुढे ठेवा. नळीतून वायू येतो का, हे बघायला नाकाकडचं टोक पेल्यातल्या पाण्यात बुडवा. बुडबुडे आले नाहीत तर पाण्याच्या बाटलीचं झाकण तिरकं बसलं आहे का ते आधी बघा, गळती बहुतेक तिथेच असते. विस्तव, सिगारेट, गॅसची शेगडी तीन मीटर तरी लांब, आणि नाकाला पेट्रोलियम जेली नको.

ऑक्सिमीटर लावताना हात गरम, नखावर रंग नको, बोट स्थिर, आणि मिनिटभर थांबून मगच आकडा वाचा. यंत्रावरची नाडी मनगटावर मोजलेल्या नाडीशी जुळत नसेल तर तो आकडा सोडून द्या. दोन-तीन टक्क्यांची चूक या यंत्रांत धरूनच चालायची. सावळ्या त्वचेत ते खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतं. ऑक्सिजन बदलल्यावर सीओपीडीत नवा आकडा पूर्ण स्थिरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, तेव्हा दर दोन मिनिटांनी गोळी फिरवत बसू नका. रोज ठरलेल्या दोन वेळा आकडा, लिटर आणि आई कशी होती, एवढं वहीत लिहा. १५ तासांत रात्रीची झोप धरा.

सिलिंडरचं गणित सोपं आहे. तुम्ही लिहिलेले १० लिटर ही त्याच्या आतली जागा असेल, तर १५० बार दाबाला त्यात साधारण १० गुणिले १५० म्हणजे १५०० लिटर वायू मावतो. मिनिटाला २ लिटरने ७५० मिनिटं, साडेबारा तास. काटा ७५ वर आला की सहा तास उरले. काट्यावर पीएसआय असेल तर १५० बार म्हणजे साधारण २२००. मात्र खांद्यावर कोरलेला आकडा वाचून खात्री करून घ्या, कारण लहान सिलिंडरांच्या बाबतीत जागेचे लिटर आणि वायूचे लिटर यांची सर्रास गल्लत होते. आत वायूच १० लिटर असेल तर तो पाच मिनिटांत संपेल. काटा ५० च्या खाली गेला की भरून आणा. झडपेला तेल किंवा ग्रीस कधीही लावू नका. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ते पेट घेतं. सिलिंडर साखळीने भिंतीला बांधलेला हवा.

राहिलं विमान. केबिनमधला दाब जमिनीवरचा नसतो. तो २४०० मीटर उंचीइतका, म्हणजे सुमारे ५६५ पर्यंत उतरू शकतो. वाफेचे ४७ मात्र तेवढेच राहतात. ५१८ चे २१ टक्के १०९. आईच्या कागदावरचे ६७.५ त्यातून काढले की वायुकोशात ४१ उरतात, रक्तात त्याहूनही कमी. ऑक्सिजनशिवाय तिला विमानात बसवायचं नाही, हे इथेच ठरलं. काठावरच्या रुग्णांसाठी डॉक्टर जमिनीवरच १५ टक्के ऑक्सिजनची हवा वीस मिनिटं देऊन चाचणी घेतात. ७१३ चे १५ टक्के १०७, म्हणजे केबिनचीच परिस्थिती. दुसरी गोष्ट कमी दाबात वायू फुगण्याची. छातीत बंदिस्त असलेली हवा केबिनमध्ये ३५ ते ४० टक्क्यांनी प्रसरण पावते. सीओपीडीत फुप्फुसावर हवेचे मोठे फुगे असू शकतात, तेव्हा एक्स-रे किंवा सीटी स्कॅनमध्ये असं काही दिसलं होतं का, हे स्पष्ट विचारा. फुप्फुसाला छिद्र पडून छातीत हवा साठली असेल तर प्रवास पूर्ण बंद.

जायचं ठरलंच तर विमान कंपनीला आधी कळवून त्यांचा वैद्यकीय फॉर्म डॉक्टरांकडून भरून घ्या. घरचा सिलिंडर बहुतेक कंपन्या आत नेऊ देत नाहीत. त्यांनी मान्य केलेला बॅटरीवरचा छोटा कॉन्सन्ट्रेटर लागतो, आणि बॅटऱ्या उड्डाणाच्या दीडपट वेळेच्या. हवेत किती लिटर द्यायचे ते डॉक्टर लिहून देतील, तुम्ही अंदाजाने ठरवू नका. तिकीट काढायची घाईही नको. तुमच्याकडचा ब्लड गॅस आजारपणातून उठतानाचा आहे. तब्येत स्थिर झाल्यावर, साधारण आठ आठवड्यांनी, तो पुन्हा काढायचा असतो. काहींचा ऑक्सिजन तेव्हा सुटतो, काहींचा कायमचा ठरतो. पण हे आठ आठवडे आजच्या तपासणीनंतर तब्येत पुन्हा जागेवर आल्यापासून मोजायचे, त्यामुळे दोन महिन्यांनंतरची तारीख पुढे जाईल, असं धरून भावाशी बोला.